जुनं इंजिन घ्या, पण तुमचं का गेलं ते आधी बघा

मिरजेहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "दादा, आमची २०१२ ची वॅगनआर, पेट्रोल, १ लाख ३२ हजार किलोमीटर झालेली. गेल्या महिन्यात पंढरपूरहून येताना कवठेमहांकाळच्या अलीकडं डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, पुढं गॅरेज असेल म्हणून मिस्टरांनी तशीच दामटली, आणि सात-आठ किलोमीटरवर गाडी बंद पडली ती पडलीच. आता सेल्फ मारला की नुसतं टक वाजतं. उन्हाळाभर दर आठवड्याला पाणी कमी व्हायचं, ते आम्ही घरच्या बोअरचं टाकत होतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं नवीन इंजिनाचं १ लाख ८ हजार सांगितलं. गल्लीतला मिस्त्री म्हणतो, जुनं इंजिन बसवून ३८ हजारात गाडी रस्त्यावर आणतो, बिल मिळणार नाही, नंबरचं तो बघून घेईल. एक डीलर आहे तशी गाडी ३५ हजाराला मागतोय, चालू असती तर दीड लाख दिले असते म्हणतो. मी शाळेत शिक्षिका आहे, रोज ४० किलोमीटर जाणं-येणं, गाडीशिवाय जमत नाही. काय करू?"

ताई, ३८ हजारवाल्याला आत्ताच हो म्हणू नका आणि ३५ हजाराला गाडीही देऊन टाकू नका. दोघांनाही घाई आहे, तुम्हाला नाही. आठ-दहा दिवस एसटीनं जा.

पहिलं म्हणजे इंजिन खरंच गेलंय का? तुमच्या पत्रावरून तरी मला असं दिसतंय की इंजिन अजून कुणी उघडलेलंच नाही. सेल्फ मारला, टक वाजलं, मिस्त्री म्हणाला जाम झालं, संपला विषय. असं निदान मीसुद्धा वीस वर्षांपूर्वी करायचो आणि त्यातली काही इंजिनं आज आठवली की लाज वाटते. टक वाजायला बाकीची पण कारणं असतात. बॅटरी बसलेली असते (महिनाभर गाडी उभी आहे, बसणारच). एसीचा कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटरचं बेअरिंग जाम झालं तरी बेल्टमुळं इंजिन फिरत नाही, बेल्ट काढला की सुटतं. आणि तुमच्यासारख्या केसमध्ये हमखास बघावी अशी एक गोष्ट म्हणजे हेड गॅसकेट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) जाऊन सिलिंडरमध्ये पाणी उतरलंय का. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येऊन अडतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं इंजिन सीज झालं.

तर मिस्त्रीला एवढंच सांगा. चार्ज केलेली बॅटरी लाव, बेल्ट काढ, तिन्ही प्लग काढ, गाडी न्यूट्रलला ठेव आणि क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीला पाना लावून हातानं फिरवून बघ. फिरलं आणि प्लगच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली तर तुमचं नशीब बरं आहे. नाही फिरलं तर तिन्ही भोकांत थोडं थोडं ऑइल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी परत पाना लावा, तरीही हललं नाही तर मग मात्र पिस्टन धरलेत किंवा बेअरिंग चिकटलंय, तेव्हा इंजिन गेलं म्हणायचं. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, दुधावरच्या सायीसारखा पांढरट थर असेल तर ऑइलात पाणी मिसळलंय. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पाच-सातशे मजुरी घेईल, द्या.

हातानं फिरलं तर पुढची पायरी हेड उतरवून बघणे. तापलेल्या इंजिनात हेड वाकतं, ते मशीनवर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून मिळतं. कुपवाड एमआयडीसीत किंवा कोल्हापूरला उद्यमनगरात हे रोजचं काम आहे, तिथल्या लोकांना तुम्ही काही समजावून सांगायला लागत नाही. हेडला चीर असेल तर फक्त हेड जुन्या बाजारातून घ्या. आता हे का म्हणतोय ते लक्षात घ्या, इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो, हेडवर नाही. ब्लॉक तुमचाच राहिला तर नंबर तोच, आरसी तीच, आरटीओची पायरी चढायची गरज नाही. बरेच लोक हा पर्याय विचारातच घेत नाहीत कारण मिस्त्रीला पूर्ण इंजिन उचलून बसवणं सोपं जातं, आठ तासांचं काम, आणि इंजिन बांधायचं म्हटलं की त्याला आठवडाभर डोकं लावावं लागतं. पण या इंजिनाचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा आहे हे विसरू नका, फार तापलं असेल तर ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग पण वाकतो आणि रिंगा मऊ पडतात. म्हणून हेड उतरवलं की ब्लॉकवर सरळ पट्टी ठेवून बघायला लावा, आणि सिलिंडरच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भिंतीवर, उभ्या रेघा पडल्यात का ते स्वतः मोबाईलच्या टॉर्चनं बघा, दिसतं अगदी स्पष्ट. रेघा असतील, ब्लॉक वाकला असेल, क्रँकही खाल्ला असेल तर बोअर, पिस्टन, रिंग, बेअरिंग, ग्राइंडिंग करत करत बिल जुन्या इंजिनाच्या वर जातं, तेव्हा बांधायच्या नादाला लागू नका.

विम्यातून काही मिळेल का असं तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. गाडी तापून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही, तो अपघात धरत नाहीत. तो रस्ता सोडा.

आता समजा इंजिन गेलंच आहे. मग हिशोब असा मांडा. मिस्त्रीचे ३८ हजार हे इंजिन आणि मजुरीचे. त्यात रेडिएटर नाही, क्लच नाही, कूलंट-ऑइल नाही, कागद नाहीत. तुमच्या केसमध्ये वरचे १४ ते १८ हजार धरा म्हणजे ५५ च्या आसपास. डीलरचे ३५ तुम्ही सोडताय, म्हणजे चालू गाडी तुम्हाला ९० हजाराला पडली, आणि बाजारात तो स्वतःच तिला दीड लाख म्हणतोय. करण्यासारखं आहे. १ लाख ८ हजाराचं नवीन इंजिन मात्र इतक्या जुन्या गाडीला बसवू नका, ३५ आणि १०८ झाले १४३, वर किरकोळ खर्च आलाच, ते सगळं गाडीच्या किमतीएवढं होतं. यात एक धरायचं राहतं ते म्हणजे २०२७ ला तुमच्या आरसीची १५ वर्षं संपतात. तेव्हा फिटनेस तपासणी, ग्रीन टॅक्स, आणि नूतनीकरणाची फी जी एप्रिल २०२२ पासून कारला ५ हजार केली आहे. गाडी त्यापुढं पाच वर्षं वापरणार असाल तर हे पैसे धरूनसुद्धा फायद्यात आहात. आणि त्या तपासणीला इन्स्पेक्टर बॉनेट उघडून नंबर बघतो, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

कुठलं इंजिन घ्यायचं. तुमच्या गाडीत के१०बी आहे, ९९८ सीसी, तीन सिलिंडर. २०१० च्या आधीच्या वॅगनआरला १०६१ सीसीचं चार सिलिंडरचं होतं, एफ१०डी, ते तुमच्या गाडीला नाही चालत आणि तरीही "वॅगनआरचंच आहे की ताई" म्हणून गळ्यात मारणारे भेटतात. इंजिन नंबरच्या सुरुवातीला के१०बी आहे का बघा. के१०बी हेच इंजिन ए-स्टार, एस्टिलो, ऑल्टो के१० आणि नंतर सेलेरिओमध्ये पण आहे, म्हणून बाजारात भरपूर मिळतं आणि म्हणूनच स्वस्त आहे. पण गाडीगणिक फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते आधार), मॅनिफोल्ड, सेन्सर, वायरिंगचे कनेक्टर यात बारीक फरक निघतात. शक्यतो तुमच्याच मॉडेलच्या वॅगनआरचं घ्या. आणि पूर्ण इंजिन घ्यायची गरज नाही, हाफ इंजिन मागा, म्हणजे ब्लॉक, हेड आणि खालचं ऑइलचं चेंबर एवढंच. अल्टरनेटर, सेल्फ, एसी कॉम्प्रेसर, इंजेक्टर, सेन्सर तुमचेच चढवा. ते चांगलेच आहेत, तापून मेलं ते इंजिन. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तर बदलूच नका, तो तुमच्या चावीशी जोडलेला आहे, बदललात तर गाडी सुरू करायला वेगळा माणूस शोधावा लागेल.

सीएनजीच्या गाडीचं इंजिन असेल तर थोडं मागं सरा. वाईट असतंच असं नाही, पण सीएनजी कोरडा गॅस, वर्षानुवर्षं चालला की व्हॉल्व्ह सीट झिजतात, आणि शिवाय सीएनजीची गाडी बहुतेक वेळा जास्त पळालेली असते.

सगळ्यात चांगलं इंजिन मिळतं ते मागून ठोकलेल्या गाडीचं. कटिंगला, म्हणजे सुटे भाग काढायला आलेली आख्खी गाडी अजून उभी असेल तर सोन्याहून पिवळं, मीटर बघता येतं, सर्व्हिसचे स्टिकर बघता येतात, कधीकधी तर बॅटरी लावून तिथंच सुरू करून बघता येतं. समोरून ठोकलेली असेल तर चेंबर, पुढची पुली आणि फाउंडेशनचे कान नीट तपासा, ॲल्युमिनियमला केसासारखी चीर जाते आणि धूळ पुसल्याशिवाय दिसत नाही.

आणि आपल्या भागात एक खास दुखणं आहे, पुराची गाडी. २०१९ चा पूर तुम्ही मिरजेत बघितलाच असेल, सांगली-कोल्हापुरात किती गाड्या पाण्याखाली होत्या, मग २०२१ ला परत आला, चिपळूणचंही तेच झालं. त्या गाड्यांची इंजिनं गेली कुठं? धुऊन, काळा-चंदेरी स्प्रे मारून बाजारात आली. मी स्वतः फसलोय, २०२० च्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकासाठी इंजिन घेतलं, विकणाऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, इंजिन झक्कास चालू, आवाज शिलाई मशीनसारखा. आणलं, बसवलं, तीनशे किलोमीटरवर खालून खडखड. उतरवून बघायला म्हणून अल्टरनेटरचा ब्रॅकेट खोलला तर बोल्टच्या भोकात बोट घातल्यावर लालसर राखाडी गाळ निघाला, वाळून टाल्कम पावडरीसारखा मऊ झालेला, नदीकाठच्या माणसाला तो गाळ ओळखायला वासच पुरतो. व्हिडिओतलं इंजिन वेगळंच होतं. मजुरी माझी गेली, दुसरं इंजिन मी माझ्या खिशातून आणलं आणि ते गिऱ्हाईक अजून माझ्याकडं येतं एवढीच त्यातली चांगली गोष्ट. तेव्हापासून मी बोल्टच्या भोकात बोट घातल्याशिवाय इंजिन घेत नाही. रंग मारलेलं इंजिन तर बघतच नाही, मळकट, ऑइलनं चिकट झालेलं परवडलं. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड, वॉटर पंपाच्या तोंडात गंज, चेंबरच्या आत गाळ, यातलं एक जरी दिसलं तरी नमस्कार करून निघायचं.

व्हिडिओ मागायचाच असेल तर एकाच शॉटमध्ये नंबर दाखवून मग इंजिन सुरू करायला सांगा, मध्ये कट नको. पण त्यापेक्षा स्वतः जा. तुमच्या मिस्त्रीला बरोबर न्या, दिवसाची मजुरी द्या, चहा-नाष्टा द्या, कॉम्प्रेशन गेज घेऊन जा म्हणावं. बॅटरी आणि सेल्फ लावून, तिन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यायचं. आकडा किती यापेक्षा तिन्हीत फरक किती ते बघा, दहा टक्क्यांच्या आत हवा, एक सिलिंडर बाकी दोघांपेक्षा बराच खाली असेल तर सोडून द्या, "चालू झाल्यावर येईल" असं म्हणतात, येत नाही. इंजिन सुरू करता आलं तर गरम झाल्यावर ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरा. किंचित हवा लागणार, पण भसाभसा धूर हातावर आला तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्यात.

आता कागदाचं, कारण "नंबरचं मी बघून घेतो" या वाक्यानं मला पत्र वाचतानाच घाम फुटला. हे बघून घेणं म्हणजे काय ते त्याला स्पष्ट विचारा. आलेल्या इंजिनाचा नंबर घासून तुमचा जुना नंबर त्यावर पंच करणार असेल, आणि बहुतेक वेळा तेच असतं, तर ताबडतोब नाही म्हणा. तो गुन्हा आहे आणि गाडी तुमच्या नावावर आहे, मिस्त्रीच्या नाही. घासलेला नंबर इन्स्पेक्टरला बोटानं कळतो. आणि नंबर घासलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं नसेलच याची खात्री कोण देणार? चोरीचा माल घेतला म्हणून पोलीस दारात आले तर शाळेत काय सांगणार तुम्ही?

सरळ रस्ता फार अवघड नाही, कंटाळवाणा आहे. विकणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या ज्यावर इंजिन नंबर लिहिलेला असेल. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची किंवा नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची झेरॉक्स मागा. हे दोन्ही देत नसेल तर दहा हजार कमी करून दिलं तरी घेऊ नका. नंबर हातात आला की पैसे देण्याआधी एनसीआरबीच्या (केंद्र सरकारची गुन्ह्यांची नोंद ठेवणारी संस्था) वाहन समन्वय सेवेत टाकून बघा, चोरीच्या गाड्यांची नोंद तिथं इंजिन नंबरवरून शोधता येते. मग परिवहनच्या साईटवर वाहनात बदल करण्याचा अर्ज करा, आधी परवानगी, नंतर इंजिन बसवणं, हा क्रम उलटा करू नका. बसवल्यावर गाडी सांगलीच्या आरटीओत नेऊन दाखवायची, इन्स्पेक्टर नंबर पडताळतो, आरसीवर नवा नंबर चढतो. नेमके कोणते कागद लावायचे ते आधी खिडकीवर जाऊन विचारून या. गाडीवर कधी काळी कर्ज होतं का? फिटलं असेल पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असेल तर तिथंच अडकाल, ते आधी उतरवून घ्या. एचएसआरपी, म्हणजे सुरक्षा नंबर पाटी, बसवली नसेल तर ती पण आधी. विमा आणि पीयूसी चालू पाहिजे. आरसी बदलली की विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नवा नंबर घालून घ्या, नाहीतर उद्या अपघात झाला तर क्लेमच्या वेळी दोन नंबर जुळत नाहीत म्हणून कंपनी खुसपट काढणार, त्यांना तेवढंच पुरतं.

आता मुद्द्याचं, जे मी शीर्षकात लिहिलंय. तुमचं इंजिन बोअरच्या पाण्यानं मारलं. मिस्टरांनी सात-आठ किलोमीटर दामटली तो शेवटचा घाव, पण आजार उन्हाळाभर चालू होता. दर आठवड्याला पाणी कमी होतं म्हणजे कुठून तरी गळतंय, होज पाईप, वॉटर पंप, रेडिएटरचा जोड, कॅप, काहीतरी. आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते घरातल्या गिझरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्याच्या तळाशी बघा, तोच पांढरा खडू रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसलाय. असल्या रेडिएटरला नवं इंजिन लावलं तर तेही पुढच्या मे महिन्यात त्याच कवठेमहांकाळच्या रस्त्यावर बसणार. म्हणून रेडिएटर धुऊन नाही, बदलून घ्या. कॅप, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, दोन्ही होज पाईप नवीन. फॅन एसी चालू करून बघा फिरतोय का, आणि एसी बंद ठेवून गाडी उभ्यानं तापू द्या, फॅन आपोआप लागला पाहिजे आणि थोड्या वेळानं बंदही झाला पाहिजे, हे दोनदा होईपर्यंत मिस्त्रीला गाडीपाशी उभं करा. कूलंट बाटलीतलं, त्यात पाणी मिसळायचंच असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. सिस्टिममधली हवा नीट काढायला सांगा, हवा राहिली तर पहिल्याच दिवशी तापेल.

इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बघून घ्या, मागचं ऑइल सील तर बदलाच. सील शे-दोनशेचं, पण नंतर गळायला लागलं की गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो. प्लग नवीन, ऑइल-फिल्टर नवीन, आणि ते ऑइल पाचशे किलोमीटरला परत बदला, जुन्या इंजिनात कुणी काय घातलं होतं आपल्याला काय माहीत. टायमिंगला या इंजिनात चेन आहे, बेल्ट नाही, थंडीत सुरू करताना खळखळ वाजत नसेल तर हात लावू नका, मिस्त्री "किट बदलून टाकू" म्हणेल, त्याला आवाज ऐकवा म्हणावं.

मिस्त्रीबरोबर बोलणं लिहून करा, वहीच्या पानावर चाललं. इंजिन खराब निघालं तर किती दिवसांत बदलून मिळणार, आणि बदलताना मजुरी परत पडणार का. विकणारे पंधरा दिवस-महिन्याची टेस्टिंग वॉरंटी देतात पण ती नुसत्या इंजिनाची असते, उतरवण्या-चढवण्याची मजुरी तुमच्यावरच येते, भांडणं तिथंच होतात. ही अट बिलावर लिहून घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका, निम्मे द्या, बाकीचे गाडी मिरज-पंढरपूर एकदा तरी जाऊन आल्यावर.

आणि तुमचं जुनं इंजिन मिस्त्री "भंगार आहे, मी टाकतो" म्हणून ठेवून घेईल. परत मागून घ्या, ॲल्युमिनियमचे पैसे येतात. पण लगेच विकू नका, निदान ब्लॉक तरी नंबरासकट घराच्या मागं पोत्यात बांधून ठेवा. आरटीओत कुणी विचारलंच की जुनं इंजिन कुठंय, तर दाखवायला हातात असू द्या. नवी आरसी हातात आली की मग भंगारवाल्याला बोलवा.